जे. ए. एस. बी., खंड ३०

जुन्या प्रबंधाच्या तळटिपेत ‘जे. ए. एस. बी., खंड ३०’ एवढेच लिहिलेले असेल, तर ते नियतकालिक कलकत्त्याचे की मुंबईचे, हे त्या चार अक्षरांवरून सांगता येत नाही. बंगालच्या एशियाटिक सोसायटीचे जर्नल १८३२ साली सुरू झाले आणि भारतविद्येच्या अभ्यासकांनी त्याचा उल्लेख पिढ्यान्‌पिढ्या याच आद्याक्षरांनी केला. मुंबईत १८८६ साली अँथ्रॉपॉलॉजिकल सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. तिच्या जर्नलची आद्याक्षरेही हीच येतात. पुढे रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेने १९५५ साली एशियाटिक सोसायटी ऑफ बॉम्बे असे नाव धारण केले आणि तोवर ‘जे. बी. बी. आर. ए. एस.’ म्हणून ओळखले जाणारे तिचे नियतकालिकही ‘जे. ए. एस. बी.’ झाले. म्हणजे एकाच लघुरूपाचे तीन मालक, त्यांतले दोन एकाच शहरातले.

ग्रंथालयाच्या संदर्भ विभागात काम करताना असे लघुरूप विचारणाऱ्या वाचकांच्या चिठ्ठ्या नेहमी हाती येतात आणि प्रत्येक वेळी उत्तर एकाच ठिकाणी मिळते, ते म्हणजे खंड आणि वर्ष यांच्या जोडीत. बंगालच्या जर्नलचा पहिला खंड १८३२ चा आणि पुढे दर वर्षी एक खंड, त्यामुळे वर्षातून खंड वजा केल्यास १८३१ उरले पाहिजेत. जेम्स प्रिन्सेपने अशोकाच्या स्तंभलेखांचे वाचन प्रसिद्ध केले ते १८३७ साली, सहाव्या खंडात. हिशेब बरोबर जुळतो. हा हिशेब १९०४ पर्यंत चालतो, कारण १९०५ पासून ‘न्यू सिरीज’ म्हणून नवी मालिका सुरू झाली आणि खंड पुन्हा एकपासून मोजले जाऊ लागले. तळटिपेतील ‘एन. एस.’ ही दोन अक्षरे म्हणजे ही नवी मालिका. ती किरकोळ समजून गाळणारे लेखक पुढच्या वाचकाला सत्तर-ऐंशी वर्षे चुकीच्या कपाटाकडे पाठवत असतात. मुंबईच्या एशियाटिक शाखेच्या जर्नलची नवी मालिका १९२५ ची. तिथे १९५५ साली संस्थेचे नाव बदलले तरी खंडांची मोजणी बदलली नाही. म्हणून तिसावा खंड १८६१ चा असेल तर तो कलकत्त्याचा आणि १९५५ चा असेल तर मुंबईचा.

हे उदाहरण मी मुद्दाम दामोदर धर्मानंद कोसंबी यांच्या लेखसूचीतून घेतले आहे. कार्ल्याच्या लेण्यांतील शिलालेखांत येणाऱ्या धेनुकाकट या स्थळावरचा त्यांचा लेख मुंबईच्या जर्नलच्या याच तिसाव्या खंडात आहे, आणि ब्राह्मण गोत्रांच्या उगमावरचा १९५० चा लेख त्याच मालिकेच्या सव्विसाव्या खंडात, परंतु ‘जे. बी. बी. आर. ए. एस.’ या जुन्या लघुरूपाखाली. सूची वाचणाऱ्याला ही दोन वेगळी नियतकालिके वाटतात. कपाटात मात्र हे खंड एकाच ओळीत उभे असतात. नियतकालिकांच्या लघुरूपांचा अभ्यास करायचा असेल तर कोसंबींच्या लेखसूचीइतके चांगले साधन मला दुसरे माहीत नाही, कारण हा माणूस गणिती होता, संख्याशास्त्रज्ञ होता, नाण्यांचा अभ्यासक होता आणि इतिहासकारही होता. आणि या प्रत्येक विद्याशाखेची लघुरूपे करण्याची रीत निराळी आहे.

त्यांचा १९३३ चा एक शोधनिबंध ‘मॅथ. झेड.’, खंड ३७ मध्ये आहे. म्हणजे माथेमाटिशे त्साइटश्रिफ्ट. १९४३ चा दुसरा ‘जे. इंडियन मॅथ. सोक.’ मध्ये, म्हणजे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये. पंचमार्क म्हणजे ठसे मारलेल्या प्राचीन नाण्यांच्या वजनांवरील एक टिपण ‘कर. साय.’ मध्ये आहे; हे बंगळुरूचे करंट सायन्स. इथे शब्दांचे शेपूट कापून डोके ठेवलेले आहे, उलट इतिहासाच्या लेखांत फक्त आद्याक्षरे उरली आहेत. विज्ञानाच्या रीतीत निदान शब्दाचा अंदाज बांधता येतो. ‘ॲन. भांडारकर ओरिएंट. रिस. इन्स्ट.’ असे लिहिले तर पुण्यात न आलेला माणूसही संस्थेचे नाव ओळखेल, पण ‘ए. बी. ओ. आर. आय.’ हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच कळते. भारतविद्येची आद्याक्षरांची रीत सुटसुटीत खरी; मात्र ती एका लहान वर्तुळातील लोकांनी एकमेकांसाठी घडवलेली आहे आणि बाहेरच्याला आत येण्याची वाट ती दाखवत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

विज्ञानातील रीतीला आज एक आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचे नाव आयएसओ ४. पहिली आवृत्ती १९७२ ची आणि सध्या चालू असलेली १९९७ ची. नियम थोडे आहेत. शीर्षकातील उपपदे, शब्दयोगी शब्द आणि उभयान्वयी अव्यये गाळायची. उरलेला प्रत्येक शब्द ठरलेल्या यादीप्रमाणे लहान करायचा. शब्दांचा क्रम बदलायचा नाही. आणि शीर्षक एकाच शब्दाचे असेल तर त्याला हात लावायचा नाही. म्हणून नेचर हे नेचरच राहते, सायन्स हे सायन्सच, आणि संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी १९३३ मध्ये सुरू केलेले ‘संख्या’ हेही ‘संख्या’च. शब्दांची ती ठरलेली यादी पॅरिसमधील आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकांच्या ओळख-क्रमांकांचे, आंतरराष्ट्रीय केंद्र सांभाळते आणि ती केंद्राच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. तिच्यात पूर्ण शीर्षके नसतात, केवळ शब्द असतात, आणि पुष्कळ ठिकाणी तर शब्दाचा पूर्वार्ध किंवा उत्तरार्ध देऊन त्या कुळातील सगळ्या शब्दांची एकदम सोय लावलेली असते. जर्नलचा ‘जे.’, रिव्ह्यूचा ‘रेव्ह.’, इंटरनॅशनलचा ‘इंट.’ हे सर्वांना पाठ असते. वीकलीचे ‘डब्ल्यूकेएलवाय’ होते हे मात्र यादी पाहिल्याशिवाय सुचत नाही. त्यामुळे मुंबईहून निघणाऱ्या इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीचे मानक लघुरूप ‘इकॉन. पोलिट. डब्ल्यूकेएलवाय.’ असे काहीसे विचित्र दिसते, आणि प्रत्यक्षात त्या साप्ताहिकाचे सगळेच वाचक ते सोडून ‘ईपीडब्ल्यू’ म्हणतात. यादीत नसलेला शब्द पूर्ण लिहायचा असतो. भांडारकर, बॉम्बे ही नावे म्हणूनच अखंड राहतात.

एवढे मानक असूनही संशोधकाचे काम संपत नाही, कारण ज्या त्या विद्याशाखेने आपली जुनी वहिवाट सोडलेली नाही. वैद्यकात अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनची सूची प्रमाण मानली जाते. तिच्यात शब्द तेच असतात, पण पूर्णविराम अजिबात नसतात, म्हणून न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनचे ‘एन इंग्ल जे मेड’ होते. रसायनशास्त्रज्ञ केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिसच्या ‘कॅसी’ या स्रोतसूचीकडे जातात. तिथे प्रत्येक नियतकालिकाला सहा अक्षरांचा एक कोडेन संकेतही दिलेला असतो, आणि मूळ शीर्षकात विभाग असतील तर ते स्वल्पविरामाने तोडलेले असतात. गणितात अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची यादी चालते, जी ‘ॲन. ऑफ मॅथ.’ मधला ‘ऑफ’ निग्रहाने जपते आणि पुढे कंसात २ हा मालिकेचा आकडाही लावते. खगोलशास्त्रज्ञांनी तर टिंबे, अंतरे सारे टाकून ‘एमएनआरएएस’ (मंथली नोटिसेस ऑफ द रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी), ‘एपीजे’ (ॲस्ट्रोफिजिकल जर्नल) अशी छोटी नावे रूढ केली आणि नासाच्या संदर्भकोशात त्यांनाच अधिकृत जागा मिळाली. वकिलांचे जग याहून वेगळे. ‘ए. आय. आर. १९७३ एस. सी. १४६१’ हा केशवानंद भारती खटल्याचा संदर्भ आहे. इथे वर्ष आधी, मग न्यायालय, मग पान, आणि ए. आय. आर. म्हणजे नागपूरहून निघणारे ऑल इंडिया रिपोर्टर. ज्यांना ही अक्षरे पाहून आकाशवाणी आठवते त्यांनी ग्रंथालयात विचारताना आपण कायद्याविषयी बोलत आहोत एवढे तरी सांगावे.

म्हणून लघुरूप उलगडताना मी पहिला प्रश्न विचारतो तो हा की, ज्या पुस्तकात ते सापडले ते पुस्तक कोणत्या विषयाचे आहे. दुसरा प्रश्न, त्या पुस्तकात संक्षेपांचा तक्ता आहे का. आश्चर्य वाटेल, पण चिठ्ठी घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो तक्ता पाहिलेला नसतो. जुन्या ग्रंथांत तो प्रस्तावनेनंतर असतो, काही युरोपीय ग्रंथांत अगदी शेवटी असतो, आणि नियतकालिकातील लेख असेल तर वर्षाच्या पहिल्या अंकात एकदाच छापलेला असतो. छायाप्रतीवर काम करणाऱ्यांनी नेमकी तीच पाने वगळलेली असतात.

तक्ता मिळाला नाही तर विषयाप्रमाणे सूची निवडावी. वैद्यक आणि जीवशास्त्रासाठी नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा कॅटलॉग उत्तम, कारण त्यात लघुरूप टाकले तर पूर्ण नाव, प्रकाशनाची सुरुवात, शेवट आणि आधीचे-नंतरचे नाव असे सगळे एकत्र मिळते. वनस्पतिशास्त्राच्या जुन्या नियतकालिकांसाठी पिट्सबर्गच्या हंट इन्स्टिट्यूटने १९६८ साली काढलेली बोटॅनिको-पिरिऑडिकम-हंटियानम ही सूची अजूनही अद्वितीय आहे. विज्ञानाची दुसऱ्या महायुद्धापूर्वीची लघुरूपे असतील तर वर्ल्ड लिस्ट ऑफ सायंटिफिक पिरिऑडिकल्सचे जाडजूड खंड अजून उपयोगी पडतात, आणि ते रद्दीत काढणाऱ्या ग्रंथालयांनी पुन्हा विचार करावा असे मला मनापासून वाटते; महाजालावरच्या नव्या याद्यांत मेलेली नियतकालिके फारशी नसतात. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाची यादी ठाऊक असतेच.

जर्मन नियतकालिकांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. सत्येंद्रनाथ बोस यांचा १९२४ चा प्रसिद्ध निबंध त्साइटश्रिफ्ट फ्युअर फिजिकच्या सव्विसाव्या खंडात, पान १७८ वर आहे. त्या काळचे लेखक त्याचा उल्लेख ‘झेडएस. एफ. फिज.’ असा करत, नंतरचे ‘झेड. फिजिक’, आजचे ‘झेड. फिज.’, तिन्ही एकच. याहून बिकट प्रकरण ‘ॲन. फिज.’ चे. या लघुरूपाखाली जर्मनीचे आनालेन डेर फिजिक येते, १९१४ मध्ये सुरू झालेले फ्रान्सचे आनाल द फिजिक येते आणि १९५७ चे न्यूयॉर्कचे ॲनल्स ऑफ फिजिक्सही येते. जाणते लेखक म्हणूनच पुढे कंसात शहराचे नाव लिहितात. आइन्स्टाइनचा विशिष्ट सापेक्षतेवरचा निबंध ‘ॲन. फिज. १७, ८९१, १९०५’ असा उद्धृत होतो. वर्षावरून तो जर्मन जर्नलचाच, यात शंका राहत नाही. परंतु तोच निबंध प्रकाशकाच्या संकेतस्थळावर शोधला तर खंड ३२२ असा दिसतो. सतरावा हा चौथ्या मालिकेतील खंड आणि तीनशे बाविसावा हा आरंभापासूनचा एकूण अनुक्रम. पान मात्र ८९१ च. एकाच कागदावर दोन खंडक्रमांक असू शकतात हे ज्याला माहीत नाही तो विद्यार्थी आपल्या संदर्भयादीत दोन वेगळ्या नोंदी करून मोकळा होतो.

नावे बदलतात तेव्हाही असाच घोळ होतो. पुन्हा कोसंबींकडे वळायचे तर, अनुवंशशास्त्रात आजही ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते गुणसूत्रावरील अंतराचे सूत्र त्यांनी १९४४ साली ‘ॲन. यूजेन.’, खंड १२ मध्ये मांडले. हे ॲनल्स ऑफ यूजेनिक्स. कार्ल पिअर्सनने १९२५ मध्ये काढलेल्या या नियतकालिकाने १९५४ साली आपले नाव ॲनल्स ऑफ ह्यूमन जेनेटिक्स असे केले, कारण सुप्रजननशास्त्र या शब्दाला लागलेला काळिमा तोवर सर्वांना दिसू लागला होता. आजच्या संदर्भयादीत कोसंबींचा निबंध नव्या नावाखाली नेऊन बसवणारे संपादक मी पाहिले आहेत. तसे करू नये. लेख छापला गेला तेव्हा नियतकालिकाचे जे नाव होते तेच द्यावे आणि त्याचेच लघुरूप करावे. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली १९६६ पासूनचे आहे. १९४९ ते १९६५ या काळातील लेख असेल तर ते इकॉनॉमिक वीकली. उलट, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने शहराचे नाव बदलले तरी आपले नाव बदललेले नाही, त्यामुळे १८८६ मध्ये सुरू झालेल्या तिच्या जर्नलच्या लघुरूपात ‘बॉम्बे’ हाच शब्द राहील आणि भाषिक अभिमानापोटी तिथे ‘मुंबई’ लिहिल्यास कोणत्याही सूचीत काही सापडणार नाही.

नावांच्या या गोंधळातून सुटण्याची खात्रीची वाट म्हणजे आयएसएसएन हा आठ अंकी क्रमांक. लघुरूपे जुळतात, शीर्षकेही जुळतात, क्रमांक मात्र दोन नियतकालिकांचा एक नसतो. नाव लक्षणीय बदलले की नवा क्रमांक मिळतो, आणि छापील व ऑनलाइन आवृत्तीचे क्रमांकही वेगळे असतात. आपल्या देशात हे क्रमांक देणारे राष्ट्रीय केंद्र दिल्लीत आहे. क्रमांक लिहिताना अंक चुकला तर ते लगेच कळावे अशी सोय त्यातच केलेली आहे. ईपीडब्ल्यूचा क्रमांक ००१२-९९७६ घ्या. डावीकडून प्रत्येक अंकाला अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २ आणि १ ने गुणायचे. पहिली दोन शून्ये सोडली तर ६, १०, ३६, २७, १४ आणि ६ असे गुणाकार येतात; त्यांची बेरीज ९९, आणि तिला ११ ने पूर्ण भाग जातो. भाग गेला नाही तर कुठेतरी अंक चुकला आहे किंवा जागा बदलली आहे असे समजावे. शेवटच्या जागी कधी कधी इंग्रजी ‘एक्स’ हे अक्षर दिसते. त्याची किंमत दहा. ही पडताळणी मी ग्रंथालयात नव्याने रुजू होणाऱ्यांकडून पहिल्याच आठवड्यात करून घेतो, कारण हाताने लिहिलेल्या नोंदवह्यांतून संगणकात आलेल्या क्रमांकांत चुका भरपूर असतात.

पूर्ण नावावरून लघुरूप करण्याचे काम आता झोटेरो किंवा जॅबरेफसारखी संदर्भ सांभाळणारी सॉफ्टवेअर करतात. झोटेरोत वैद्यकीय सूचीप्रमाणे लघुरूपे वापरण्याचा पर्याय आहे, आणि जॅबरेफ एका कळीसरशी सगळी यादी पूर्ण नावांवरून लघुरूपांत किंवा उलट नेते. त्यांचा उपयोग जरूर करावा. मात्र त्यांना माहीत नसलेले नियतकालिक आले की ती एक तर पूर्ण नाव तसेच ठेवतात किंवा स्वतः शब्द छाटतात, आणि भारतीय नियतकालिकांच्या बाबतीत हे वारंवार घडते. म्हणून आपल्या संगणकातील मूळ नोंदीत नेहमी पूर्ण नाव आणि आयएसएसएनच साठवावा. लघुरूप प्रकाशकाने मागितले तर शेवटी करावे. पूर्ण नावावरून लघुरूप केव्हाही करता येते, लघुरूपावरून पूर्ण नाव मिळवायला माझ्यासारख्याचा दिवस जातो.

मराठी इतिहासलेखनातील लघुरूपे या सगळ्या सूच्यांच्या बाहेर राहिली आहेत. ‘भा. इ. सं. मं. त्रै.’ हे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक आहे हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. इंग्रजीत लिहिणारे त्याचेच ‘बी. आय. एस. एम. क्यू.’ करतात आणि परदेशी ग्रंथालयाच्या सूचीत ते रोमन लिपीतील संपूर्ण मराठी नावाखाली मिळते. मंडळाची स्थापना १९१० ची. त्रैमासिकापूर्वीच्या काळातील मजकूर वार्षिक इतिवृत्तांत आणि संमेलनवृत्तांत विखुरलेला आहे, आणि त्यांवर साल शकाचे आहे. तळटिपेत ‘इतिवृत्त, १८३५’ असे दिसले म्हणून एकोणिसाव्या शतकात शोधणारे लोक आहेत. शके १८३५ मध्ये ७८ मिळवले की १९१३ येते आणि शकाचे वर्ष चैत्रात सुरू होत असल्याने ते १९१४ च्या वसंतापर्यंत जाते. ग्रंथालयाच्या सूचीत ही नोंद काही ठिकाणी शकाने आहे, काही ठिकाणी इसवी सनाने, आणि काही ठिकाणी शकाचाच आकडा इसवी सन म्हणून चढवलेला आहे. त्यामुळे मंडळाचे इतिवृत्त मागवताना चिठ्ठीवर शक आणि सन दोन्ही लिहावेत, आणि त्रैमासिक असेल तर वर्ष, अंक व पान हे तिन्ही द्यावेत.